कावळी, पाकोळी, गिरणवाली

आखातातल्या दोहा शहरात ऋतू बदलल्याची खबर आकाश देत नाही, एसी देतो. ऑक्टोबरच्या शेवटाकडे एका सकाळी जाग येते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं, घरघर थांबलीय. नवऱ्यानं, महेशनं, उठून एसी बंद केलेला असतो, खिडकी उघडलेली असते आणि पाच-सहा महिन्यांनी घरात बाहेरची हवा आलेली असते. अल रय्यानमधल्या आमच्या इमारतीत त्या दिवशी सगळ्यांच्याच खिडक्या उघडतात. कुणाकडे काय शिजतंय ते कळतं. समोरच्या बाईंची कांद्याची फोडणी, खालच्या मजल्यावरचा ऊद, माळ्यानं पाणी मारलेल्या वाळूचा ओलसर वास. उन्हाळाभर नाक नुसतं श्वासापुरतं असतं, त्या सकाळी ते कामाला लागतं.

माझं नाक तसंही कामालाच लावलेलं आहे. इथल्या एका मोठ्या हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मी वाइनचं काम बघते. कुठल्या जेवणाबरोबर कुठली द्यायची, कुठली अजून दोन वर्षं झोपू द्यायची, कुठली बिघडलीय, हे ठरवायचं काम. हे वाक्य मी आज सरळ लिहून टाकलं, पण लिहिता यायला बरीच वर्षं गेली. तासगावकडच्या माझ्या माहेरी अजून 'ती हॉटेलात आहे' एवढंच सांगतात आणि पाहुण्यांना पुढचं विचारायला सवड मिळू नये म्हणून लगेच चहा आणतात.

दर ऑक्टोबरला आमच्याकडे नवी मंडळी परीक्षेची तयारी सुरू करतात आणि मी त्यांच्यासमोर एक पत्र्याचा डबा उघडते. त्यात काय आहे ते सांगणार आहे, पण आधी चार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर सांगायला हवा. तेव्हा परीक्षेला मीच बसले होते आणि त्याच महिन्यात माझे वडील, अण्णा, आमच्याकडे राहायला आले होते.

परीक्षा एका परदेशी संस्थेची. अर्धा पेपर लेखी आणि उरलेला अर्धा ग्लासांचा. समोर बिननावाचे ग्लास येतात, हुंगून, चाखून, थुंकून लिहायचं, ही वाइन कुठली, कशाची, कशी केलेली. अर्धं जग पाठ झालं होतं. अडत होतं ते एका ठिकाणी. उत्तर इटलीत व्हेरोना शहराच्या डोक्यावर काही टेकड्या आहेत, त्या मुलखाचं नाव वल्पोलिचेला. आमचा सराव घेणारा, वाइन विभागाचा मुख्य ल्यूका तिकडचाच. त्यामुळे तिथे चुकले की तो नापास करायच्या आधी दुखावलाच जायचा.

वल्पोलिचेलात मुख्य द्राक्षं तीन. कोर्विना, रोंदिनेल्ला, मोलिनारा. आणखी एक कोर्विनोने आहे, तिला लोक कितीतरी वर्षं कोर्विनाचीच थोराड बहीण समजत होते, मग कळलं की नातं तसं नाही. या तीन-चार द्राक्षांतून चार तऱ्हांच्या वाइन निघतात. ताजी द्राक्षं आंबवून केलेली साधी वल्पोलिचेला, हलकी, जेवताना घेण्यासारखी. दुसरी रेचोतो. तिच्यासाठी घड तोडून महिनोन् महिने सावलीत वाळवतात, मग पिळतात, आणि सगळी साखर उतरायच्या आत आंबवणं थांबवतात. ती गोड. तिसरी अमरोने. तीच वाळलेली द्राक्षं, पण आंबवणं शेवटपर्यंत चालू देतात, साखर सगळी संपते. ती जड, कोरडी, मागे किंचित कडवट. असं सांगतात की रेचोतोचं एक पिंप कुणीतरी विसरलं आणि उघडलं तेव्हा अमरोने झालेली होती. चौथी रिपासो, म्हणजे साधी वाइन अमरोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा एकदा घातलेली. एका आईची चार लेकरं म्हणावीत अशी. मला चौघांचे चेहरे सारखेच दिसायचे.

त्यात ती चेरी. ल्यूकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साध्या वल्पोलिचेलाला आंबट चेरीचा वास येतो. मी वहीत लिहून घेतलं, चेरी. आता माझी चेरी म्हणजे तासगावच्या बेकरीतल्या केकवरची, लालभडक, चिकट. ती मुळात चेरी नसतेच. करवंद असतं, रंगात आणि पाकात बुडवलेलं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वासाच्या शोधात मी महिनाभर ग्लासात नाक घालून बसले, आणि एका सरावाला कुठल्यातरी गुलाबी, गोडमिट्ट वाइनला छातीठोकपणे वल्पोलिचेला म्हणून मोकळी झाले. ल्यूकानं विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, "चेरी." तो बिचारा बराच वेळ तो ग्लास हुंगत राहिला. आपल्या मुलखाचं आपल्याला इतकी वर्षं काही कळलंच नाही की काय, अशी शंका त्याला आली असावी.

पुस्तकात त्या मुलखाचं एक चित्र होतं. उंच माळा, लाकडी ट्रे एकावर एक रचलेले आणि त्यांवर काळे घड निजवलेले, एकमेकांना न टेकता. खिडक्या उघड्या. खाली लिहिलं होतं, साधारण शंभर दिवस. ते पान आलं की मी तिथेच अडकायची. कारण ते चित्र मी पाठांतराच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते.

आमच्याकडे त्याला बेदाणा शेड म्हणतात. लोखंडी खांब, जाळीचे दहा-अकरा मजले, वर हिरवं कापड. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड लवकर वाळावेत म्हणून डिपिंगच्या औषधी पाण्यातून काढून त्या जाळ्यांवर पसरायचे, आणि मग पंधरा-वीस दिवस फक्त आभाळाकडे बघत बसायचं. एक अवकाळी सर आली की संपलं. त्या दिवसांत अण्णा रोज सकाळी शेडभर फिरायचे. मी सात-आठ वर्षांची, त्यांच्या मागे. ते कुठल्यातरी जाळीवरचा एक मणी उचलायचे, अंगठ्याखाली दाबायचे, माझे डोळे तळव्यानं झाकायचे आणि मणी नाकाशी धरून विचारायचे, "आज कितवा दिवस?"

तिसऱ्या दिवशी उसाच्या रसाचा वास येतो, जरा हिरवा. सहाव्या दिवशी काकवीचा. दहाव्याला भिजलेल्या लाकडाचा. बाराव्या दिवशी एक वेगळाच, गूळ करपायच्या आधीचा, जरासा कडसर. मी बहुतेक बरोबर ओळखायची. मग अण्णा आईला हाक मारून सांगायचे, "हिला माझं नाक आलंय गं!" माझ्या भावाला, दादाला, त्यांच्यासारखा वाण कळायचा, छाटणी जमायची, पण नाक माझ्याकडे आलं होतं, आणि मला त्याचा भारी ताठा होता.

याच अण्णांचा एक नेम होता, आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असलेला. त्यांचा धाकटा भाऊ, माझा बाळूकाका, दारूनं गेला. देखणा, गाणं म्हणणारा, चाळिशीच्या आत गेला. पुढे आमच्या भागात वाइनवाले करार करायला फिरू लागले, तेव्हा अण्णांनी त्यांना चहा पाजला, बाग दाखवली आणि सांगितलं, "माझा एक मणी बाटलीत जाणार न्हाई." शेजारच्यांनी करार केले, त्यांच्याशी अण्णा भांडले नाहीत. आपला मणी जाणार नाही, एवढंच.

आणि मणी तर नाहीच गेला, मुलगी गेली. मी हॉटेल मॅनेजमेंट केलं, लग्नानंतर इथे रिझर्वेशनला लागले, तिथून रेस्टॉरंटमध्ये आणि रेस्टॉरंटमधून या कामात. घरी सांगितलं होतं, ऑफिसचं काम आहे. एकदा सांगितलेलं खोटं बदलायला मुहूर्त सापडत नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सहा वर्षं झाली होती.

अण्णा ऑक्टोबरात आले, हीच मुळात नवलाची गोष्ट होती. द्राक्षवाला ऑक्टोबरात घर सोडत नाही, फळछाटणी असते. पण त्या वर्षी आमची जुनी बाग दादानं काढून टाकली होती, नवी लावायची होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या हाताला ऑक्टोबरात कात्री नव्हती. आईला गुडघ्यांमुळे विमान नको होतं, म्हणून एकटेच आले. आल्यावर दोन दिवसांत त्यांनी इमारतीच्या दारातली बोगनवेल नुसत्या हातांनी इतकी मोडून 'नीट' केली की वॉचमन वर तक्रार घेऊन आला. महेशनं हसून मिटवलं. अण्णा मला म्हणाले, "त्याला सांग, तीन आठवड्यांत फुटती का न्हाई बघ." ती फुटली, पण ते नंतर.

माझी शिफ्ट संध्याकाळची. सकाळी आमची मुलगी ईरा शाळेत, महेश ऑफिसात, आणि आम्ही दोघं बापलेक चहाचे कप घेऊन खिडकीत. पुस्तक मी कपाटात, साड्यांखाली ठेवलं होतं. चाळिशीकडे झुकलेली बाई वडिलांपासून पुस्तक लपवतेय, याचं हसूही यायचं आणि लाजही वाटायची. खरी भीती एकच होती. आपलं काम कळल्यावर हा माणूस आपल्या घरात, आपल्या हातचं घोटभर पाणी तरी पिईल का, ही.

घरात वाइनचा थेंब आणायचा नाही हा आमचा नियम होता, आणि हॉटेलातली बाटली तशीही हॉटेलाच्या दाराबाहेर जात नाही. त्यामुळे घरचा सराव वाट्यांवर चालायचा. स्टीलच्या वाट्यांमध्ये लवंग, दालचिनी, चिंच, कॉफी, सुकं अंजीर, मिरी. ईरा ओढणीनं माझे डोळे बांधायची आणि एकेक वाटी नाकाखाली धरायची. दहा वर्षांच्या पोरीला हा खेळ फार आवडायचा. एका शुक्रवारी दुपारी अण्णा झोपलेत असं समजून आम्ही बसलो होतो. ते उठून आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माझं बांध की डोळं."

त्यांनी एकही वाटी चुकवली नाही. वर मतंही दिली. "ही लवंग जुनी हाय, तेल गेलंय हिचं." "अंजीर हुन्नात वाळलेलं न्हाई, मशिनीतलं हाय." ईरा टाळ्या पिटत होती. मीही खेळात पार विरघळून गेले होते, शेडमध्ये पोचले होते. आणि ईरा ओरडली, "आजोबा, यू आर सो गुड! यू शुड टेक आईची वाइन एक्झाम!"

द्राक्षाच्या गावात वाइन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अण्णांनी ओढणीची गाठ स्वतः सोडली. तिची चौपदरी घडी घातली, खुर्चीवर ठेवली. ईराला आत पाठवलं आणि मला विचारलं, "हॉटेलात तू काय करतीस?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे दारू वाढतीस."

"वाइन, अण्णा. अभ्यास असतो त्याचा. नावं असतात, जागा असतात."

"बाळू पण बाटल्यांची नावं घिऊन सांगायचा."

 ते उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतः भांडं घेतलं, स्वतः पाणी ओतून घेतलं आणि उभ्यानं प्याले. आमच्या घरात अण्णांनी स्वतःच्या हातानं पाणी घेतलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते पाणी स्वतः घ्यायला लागले. जेवायचे, ईराशी खेळायचे, महेशबरोबर चालायला जायचे. पण मी पुढे केलेलं भांडं दिसलंच नाही असं करायचे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "मी नाक दिलं ते ह्यासाठी?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. राग आला होता त्यांचा, आणि ते बरोबर आहेत असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

महेश म्हणाला, "परीक्षा पुढच्या वर्षी दे. खलास. आत्ता तू त्यांना जप." मी ठरवलंही तसं. पुस्तक आता लपवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर टाकलं आणि कामावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पुस्तक उघडं, त्यावर अण्णांचा चष्मा, आणि पान तेच, माळ्यावरच्या ट्रेचं. इंग्रजी त्यांना येत नाही. चित्र बघत बसले असणार.

मी चहा ठेवला. ते आले, बसले आणि चित्रावर बोट ठेवलं. "ह्ये किती दिस वाळवत्यात?"

"शंभर."

"शंभर?" त्यांचा आवाजच चढला. "आणि बुरशी?"

"थंडी असते तिथे. वारा खेळता ठेवतात. आता पंखेही लावतात."

"डिपिंग?"

"नाही करत."

ते मागे टेकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कामाचं विचारतोय. दारूचं न्हाई." मी मान हलवली. मग पुढचे दोन तास जे काही झालं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अभ्यास होता.

अण्णांनी मला साल समजावून सांगितली. मण्यावर लव असते, ती पाणी धरून ठेवते. आम्ही डिपिंगनं ती काढून टाकतो, म्हणून आमचं पंधरा दिवसांत आटपतं. हे लोक लव ठेवतात, म्हणून शंभर. "आन् एवढं दिस साल टिकली पायजे, म्हंजे जाड सालीचा वाण असणार." तो कोर्विना. "आन् घड विरळ असणार, न्हाईतर मधी सडंल." म्हणून तर वाळवायला ते सुटे, मोकळे घडच निवडतात, कोर्विनोनेला त्यासाठीच मान. पुस्तकात हे सगळं होतं. मी पाठ केलं होतं, पण कशामुळे काय, ते आत्ता कळत होतं.

मग मी त्यांना नावांचे अर्थ सांगितले. कोर्विनाचं नाव कावळ्यावरून, काळी म्हणून. रोंदिनेल्ला पाकोळीवरून. मोलिनारा गिरणीवरून, तिच्या मण्यावर पीठ सांडल्यासारखी लव असते म्हणून. "कावळी, पाकोळी आन् गिरणवाली," अण्णा म्हणाले, आणि शाळेतून आल्यावर ईरानं ते लगेच पाठ केलं. आजही तिला ही तीन नावं मराठीतच येतात. रेचोतो हे नाव 'कान' या शब्दावरून, घडाच्या वरच्या अंगाला दोन कान फुटतात, त्यांना ऊन जास्त मिळतं, तेच पूर्वी निवडायचे. "कान कसलं? पाकळी म्हणायचं त्याला," अण्णांनी दुरुस्त केलं, आणि व्हेरोनाला कळवून टाक अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. रिपासोबद्दल त्यांचं मत चांगलं झालं नाही. "चोथ्यावर परत? दुसऱ्यांदा उकळल्याला च्या की मग."

मी त्यांना माझी केकवरची चेरी सांगितली. आठवड्यात पहिल्यांदा ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेले नि पाणी स्वतः घेतलं.

त्याच शनिवारी म्हणाले, "तुमच्या त्या जुन्या बाजारात बेदाणा मिळतो म्हणं. बघून येऊ." सूक वाकिफमध्ये सुक्या मेव्याची जी गल्ली आहे, तिथे एका म्हाताऱ्या इराणी दुकानदारापुढे अण्णा उभे राहिले. धोतर, टोपी आणि पायात महेशचे बूट. त्यांनी पोत्यातला एक मणी उचलला, दाबला, हुंगला आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "ये छाव में नै सुकाया. ये भट्टी का है." दुकानदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दुसऱ्या पोत्यातला दिला. "ये ठीक. लेकिन पानी जादा है, टिकेगा नै दो म्हैना." मग त्या माणसानं गल्ल्यामागून एक पिशवी काढली, म्हणाला, "हाजी, यह हमारे घर का है." अण्णांनी तो मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि नुसती मान डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा पुरी येत नव्हती आणि तसं काही अडतही नव्हतं.

त्याच दुकानात मला चेरी भेटली. सुकवलेली, आंबट, बीसकट. तिला तो आलूबालू म्हणत होता. आम्ही दोघांनी जन्मात पहिल्यांदा ती तोंडात टाकली. अण्णा बराच वेळ चघळत राहिले. "करवंदाची मावसबहीण हाय ही," ते म्हणाले, "पण शिकल्याली." मग दाढेखाली बी फोडली, मला दिली. "हुंग." कडू बदामाचा वास. अमरोनेच्या शेवटी जिभेवर जे रेंगाळतं आणि ज्याला मला नाव देता येत नव्हतं, ते हे होतं. मी ती बी पुन्हा हुंगली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. पण दुकानातून निघेपर्यंत त्यांनी मला एकवीस पोत्यांचा वास घ्यायला लावला होता, आणि प्रत्येक पोत्याशी उभं राहून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

परीक्षा मी दिली. दुसऱ्या ग्लासात नाक घातलं आणि डोळ्यांपुढे कुठलं पान नाही आलं. तळव्याचा अंधार आला, अण्णांच्या हाताला डिपिंगच्या पाण्याचा वास असायचा तो आला आणि मनात स्पष्ट उमटलं, बारावा दिवस. परीक्षकाला इंग्रजीत सुकी चेरी, अंजीर, कडू बदाम असं सगळं रीतसर लिहून दिलं, आणि खाली अमरोने. पण आधी बारावा दिवस होता.

अण्णा नोव्हेंबरअखेर परत गेले. बोगनवेल फुटल्याचं वॉचमनला दाखवूनच गेले. विमानतळावर मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "आत मिळतं की." निकाल लागला तेव्हा मी फोन केला. "अण्णा, पास झाले."  ते म्हणाले, "बरं. आईशी बोल." आईनं आनंदानं काय काय विचारलं, मला एक शब्द आठवत नाही.

परदेशात राहून माणूस वाळतो, त्यातलं पाणी उडतं आणि गोडवा उरतो, असं काहीतरी इथे लिहायचा मोह होतो आहे. लिहीत नाही, कारण ते खरं नाही. त्या हिवाळ्यात माझ्यात गोडवा वगैरे काही नव्हता. हॉटेलात बढती झाली, ल्यूकानं सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि मी घरी येऊन पाण्याचं भांडं भरताना दर वेळी थबकायची. ल्यूकाला एकदा विचारलं, पिंप विसरून कडू झाल्यावर त्या माणसानं ते फेकून कसं दिलं नाही? तो म्हणाला, "चाखून बघितलं असेल ना आधी." अण्णा तर चाखणार नव्हते. त्यांना ते कधीच जमणार नव्हतं, आणि जमावं असं मला वाटतही नव्हतं. बाळूकाकाला त्यांनी खांद्यावरून घरी आणलेलं मी पाहिलं होतं.

मे महिन्यात सांगलीचं एक ओळखीचं जोडपं सुट्टीवरून परत आलं आणि आमच्या नावाचं पार्सल देऊन गेलं. चटणी, भडंग, ईराचा फ्रॉक आणि तळाशी एक पत्र्याचा डबा. आत मूठ-दीड मूठ मणी. काळपट, आक्रसलेले, बाजारात कुणी हात लावणार नाही असे. सोबत वहीच्या कागदावर अण्णांचं तिरकं अक्षर. 'विना डिपिंग. सावलीत. पाहुण्यांच्या बागेतले घड आणून एक जाळी लावली होती. बरेच सडले. कितवा दिवस ते ओळख आणि फोन कर.'

मी डबा नाकाशी धरला. घरात कुणी नव्हतं. काकवी होती, लाकूड होतं, गूळ होता, आणि त्याच्याही पलीकडे काहीतरी, आमच्या शेडमध्ये मी कधीच न घेतलेला वास, कारण इतके दिवस आम्ही कधी थांबलोच नव्हतो. बराच वेळ बसले. मग फोन लावला.

"अडतीस," मी म्हटलं.

"एकेचाळीस." त्यांचा आवाज खूश होता. "तीन दिवस चुकलीस. शंभर काय लागत न्हाईत आपल्याकडं. हून लई हाय, थांबूच देत न्हाई."

"अण्णा, ह्याचं काय करू? खायचे का?"

"खायचं कसलं? तुझ्या त्या पोरांना हुंगायला दे. तिकडं." माझ्या कामाच्या जागेचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदाच केला. मला हुंदका आला, तो त्यांना ऐकू गेला असणार, कारण ते लगेच कडक झाले. "आन् ऐक. बाटलीत एक मणी जायचा न्हाई. शेजारी ठिवलास तर ठिव."

तो डबा मी शेजारीच ठेवते. हॉटेलात वल्पोलिचेलाच्या बाटल्यांची जी रांग आहे, तिच्या टोकाला, चार बोटं जागा सोडून. ऑक्टोबरात नवी मंडळी आली की एकेकाला डोळे मिटायला सांगते. दर मे महिन्यात डबा गावी जातो आणि भरून येतो. बाग आता लागली आहे, जाळी आता आमच्याच मण्यांची असते.

पण मला आठवतो तो पहिला डबा आला त्याच वर्षीचा जुलै. आम्ही सुट्टीला गावी पोचलो. अण्णा नव्या बागेतून आले, सोप्यात बसले, टोपीनं वारा घेऊ लागले. आई आत होती. मी सवयीनं तांब्या-भांडं भरलं आणि दाराशी येऊन थांबले. अण्णांनी वर बघितलं. हात पुढे केला. भांडं घेतलं, घटाघटा प्याले, मिशा पुसल्या आणि रिकामं भांडं माझ्यापुढे धरून म्हणाले, "अजून आण."